पडून राहिलेले लोखंड, गहाण पडलेले सोने

वसई म्हटले की बाहेरगावच्या माणसाला किल्ला आठवतो, चिमाजीअप्पांची १७३९ सालची मोहीम आठवते, केळीच्या बागा आणि पानवेली आठवतात. ती पश्चिमेची वसई. रेल्वेचे रूळ ओलांडून पूर्वेला आले, की गोखिवऱ्यापासून सातिवली, वालीवपर्यंत एक वेगळीच वसई पसरलेली दिसते. ओळीने बांधलेले गाळे, अर्धी वर सरकवलेली शटर, आत दोन-तीन लेथ, एखादे ड्रिलिंगचे आणि एखादे ग्राइंडिंगचे मशीन, तेलाचा वास आणि दारात उभा असलेला टेम्पो. मोठ्या कारखान्यांना लागणारे लहान लहान भाग अशा गाळ्यांत घडतात. कुणाचा मुलगा तिथे टर्नर असतो, कुणाचा भाऊ जॉबवर्क घेतो, कुणी नोकरीतून मिळालेली पुंजी घालून स्वतःचा गाळा थाटलेला असतो.

याच पट्ट्यातली मुले सकाळी अभियांत्रिकीच्या किंवा व्यवस्थापनाच्या महाविद्यालयात जातात आणि तिथे 'ऑपरेशन्स मॅनेजमेंट' नावाचा विषय शिकतात. एका वेळी किती माल बनवावा, कोणते काम आधी घ्यावे, रांग किती लांब होईल, अशी त्यातली गणिते असतात. प्रश्नात आकडे आयते दिलेले असतात, सूत्र पाठ असते, उत्तर येते आणि गुण मिळतात. मग तोच मुलगा संध्याकाळी काकांच्या गाळ्यात जाऊन उभा राहतो, तेव्हा सकाळी सोडवलेले गणित समोर जमिनीवर ढिगाने पडले आहे, हे त्याच्या ध्यानात येत नाही. ते ध्यानात आले तर काय होईल, त्याविषयी आज लिहायचे आहे. विषय रूक्ष वाटेल, पण त्याची एक टोकाची गाठ घरातल्या कपाटाशी बांधलेली आहे.

बहुतेक गाळ्यांत एक अलिखित नियम असतो: मशीन रिकामे राहता कामा नये. नियम वरवर पाहता शहाणपणाचा आहे. मशीनवर कर्ज आहे, हप्ता महिन्याच्या महिन्याला जातो, माणसाला पगार द्यायचा आहे. रिकामा बसलेला माणूस मालकाच्या डोळ्यांत चटकन खुपतो. पण त्याच गाळ्याच्या कोपऱ्यात तीन आठवडे पडून असलेले, अर्धे कातलेले लोखंड कुणाच्या डोळ्यांत खुपत नाही. बसलेल्या माणसाला बोलणी बसतात. पडलेल्या लोखंडाला कोण बोलणार?

आता थोडे गणित. घाबरण्याचे कारण नाही, चौथीच्या मुलाला कळेल इतकेच आहे. समजा, गाळ्यात ग्राइंडिंगचे एकच मशीन आहे. एका कामाला सरासरी एक तास लागतो. पण एखादे काम वीस मिनिटांत होते, एखादे अडीच तास खाते. कामेही वेळापत्रकाने येत नाहीत. कधी तीन एकदम येतात, कधी दुपारभर एकही नाही. अशा मशीनला दिवसाच्या निम्म्या वेळेइतकेच काम असेल, तर दारात आलेल्या कामाला सरासरी एक तास ताटकळावे लागते. मशीनला ८० टक्के काम दिले, तर ४ तास. ९० टक्के दिले, तर ९ तास. आणि ९५ टक्के दिले, तर १९ तास! म्हणजे एका तासाच्या कामासाठी जवळजवळ दोन दिवस रांगेत. ९० वरून ९५ वर जाताना मशीनकडून काम वाढले ते जेमतेम सतराव्या-अठराव्या हिश्शाने, पण ताटकळणे दुपटीहून जास्त झाले. कामे अगदी अनियमितपणे येतात असे धरून हे आकडे येतात. थोडी शिस्त असेल तर ते खाली उतरतात. पण चढण तशीच राहते, शेवटच्या टप्प्यात छातीवर येणारी.

या रांगांच्या शास्त्राचा पाया कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या एर्लांग नावाच्या डॅनिश गणितज्ञाने घातला. त्याचा पहिला निबंध १९०९ सालचा. टेलिफोन करणारे लोक ठरवून फोन करत नाहीत, मग किती तारा ठेवल्या म्हणजे ग्राहकाला फार थांबावे लागणार नाही, हा त्याच्यापुढचा प्रश्न होता. बँकेच्या काउंटरवर पितळी टोकन हातात घेऊन बाकावर बसलेल्यांनी हे शास्त्र न वाचता अनुभवले आहे. महिन्याच्या मधल्या एखाद्या दुपारी कॅशियर दहा मिनिटे मोकळा दिसतो, म्हणून एक काउंटर बंद करावे असे कुणाला वाटते. आणि एक तारखेला तीच रांग दाराबाहेर जाते. त्या दहा मोकळ्या मिनिटांमुळेच एरवीचा ग्राहक लवकर घरी पोचत असतो.

आता गाळ्याकडे परत येऊ. बँकेत असताना लहान उद्योगांना दिलेल्या कॅश क्रेडिटची मालतपासणी माझ्या वाट्याला येत असे. कच्चा माल किती, अर्धतयार किती, तयार किती, हे स्टॉक स्टेटमेंटशी ताडून पाहायचे. त्या कामात एका साध्या नियमाचा फार उपयोग होतो. जॉन लिटल या अमेरिकी गणितज्ञाने त्याची सिद्धता १९६१ साली दिली. नियम असा: आत जितकी कामे पडून आहेत, त्यांना दर आठवड्याला बाहेर पडणाऱ्या कामांनी भागा, एक काम आत किती आठवडे राहते ते उत्तर येते. गाळ्यात १०० जॉब पडले आहेत आणि चलाने पाहता आठवड्याला २० बाहेर जातात, तर एक जॉब सरासरी पाच आठवडे आत राहतो. मालक ग्राहकाला फोनवर 'दहा दिवसांत देतो' म्हणत असेल, तरी पाचच आठवडे लागणार. यात मालक खोटारडा असतो असे नाही. काम तीन तासांचे आहे हे त्याला ठाऊक असते. बाकीचा सारा वेळ ते लोखंड फक्त पाळीची वाट पाहत पडून असते, हे कुठल्याच वहीत लिहिलेले नसते.

हाच नियम लोखंडाऐवजी रुपयांना लावला, की कपाटाशी बांधलेली ती गाठ दिसू लागते. उद्योगाला खेळते भांडवल किती लागते, याचा विचार आपल्याकडे पूर्वीपासून झाला आहे. १९७५ च्या टंडन समितीने कुठल्या उद्योगात किती महिन्यांचा माल आणि किती महिन्यांची येणी असावीत, याचे दंडकच घालून दिले होते. पुढे लहान उद्योगांसाठी नायक समिती आली. तिच्या १९९२ च्या अहवालातली मोजपट्टी सुटसुटीत होती आणि ती आजही वापरली जाते. वर्षाच्या अपेक्षित विक्रीच्या २५ टक्के इतके खेळते भांडवल लागेल असे धरायचे. त्यातले २० टक्के बँकेने द्यायचे आणि ५ टक्के मालकाने घालायचे. या २५ टक्क्यांचा अर्थ इतकाच, की लोखंड विकत घेतल्यापासून मालाचे पैसे हाती येईपर्यंत तीन महिने जातात आणि पैसा वर्षातून चार वेळा फिरतो.

समजा, गाळ्याची वर्षाची विक्री ६० लाखांची, म्हणजे महिन्याला ५ लाख. ढोबळमानाने १५ लाख खेळते भांडवल हवे; १२ बँकेचे, ३ स्वतःचे. आता गाळ्यातले लोखंड आणखी एक महिना पडून राहिले. चक्र तीन महिन्यांचे चार झाले. महिन्याचे ५ लाख गुणिले चार, म्हणजे २० लाख अडकले. बँकेची मर्यादा तेवढीच आहे. वरचे ५ लाख कुठून आणायचे? पोलाद व्यापाऱ्याकडे उधारी वाढवून, म्हणजे चढ्या भावाने. मेव्हण्याकडून हातउसने घेऊन. आणि तेही पुरले नाही, की कपाटातले सोने सोनेतारणाच्या काउंटरवर जाते. बांगड्या, गोठ, पाटल्या तराजूत पडताना मी अनेकदा पाहिल्या आहेत. बरोबर आलेली गृहिणी काही बोलत नाही. 'धंद्यात जरा तंगी आहे' एवढेच तिला सांगितलेले असते. तिची पाटली ज्या ढिगापायी गहाण पडली, तो ढीग तिने कधी पाहिलेलाच नसतो.

इथे गाळामालक साहजिकच विचारतो, 'साहेब, मशीन बंद ठेवलं तर हप्ता काय तुमचं गणित भरणार?' प्रश्न रास्त आहे. त्याला उत्तर दिल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.

पंढरीच्या वाटेवरची दिंडी कितीही मोठी असो, ती एकत्र पोचायची असेल तर तिचा वेग तिच्यातल्या सर्वांत थकलेल्या म्हातारीच्या पावलांइतकाच असतो. पुढचे तरणे गडी जोरात निघाले, म्हणून दिंडी लवकर पोचत नाही. ती फक्त लांबत जाते. गाळ्यातही एक मशीन असे असते, की जिथे सगळी कामे येऊन अडतात. ते मशीन मात्र खरोखरच रिकामे राहता कामा नये. त्याचा गेलेला तास म्हणजे सगळ्या गाळ्याचा गेलेला तास. पण त्याच्या आधीच्या लेथने त्याच्यापेक्षा जास्त वेगाने कातत राहण्यात काडीचा फायदा नाही. लेथने जास्त काढलेला प्रत्येक नग ग्राइंडिंगच्या दारात ढिगात जाऊन पडतो. त्या नगासाठी लोखंडाचे पैसे गेले, विजेचे गेले, माणसाच्या ओव्हरटाइमचे गेले, आणि बिल एका रुपयाचेही वाढले नाही. हप्ता विकलेल्या मालातून भरला जातो, ढिगातून नव्हे. हा विचार एलियाहू गोल्डरॅट या इस्रायली भौतिकशास्त्रज्ञाने १९८४ मध्ये मांडला, आणि तोही 'द गोल' या कादंबरीतून. कारखान्याच्या व्यवस्थेवर कादंबरी लिहिता येते आणि जगभरचे कारखानदार ती वाचतात, याचे माझ्यासारख्या कथा-कादंबरी लिहिणाऱ्याला अजूनही अप्रूप वाटते.

तेव्हा मालकाला उत्तर असे: सगळी मशीन बंद ठेवू नका. जिथे अडते ते एक मशीन ओळखा आणि बाकीच्यांना त्याच्या पावलाने चालू द्या. ओळखणे अवघड नाही. ज्याच्या दारात ढीग सर्वांत मोठा, तेच ते मशीन.

मग लेथवरचा माणूस रिकाम्या वेळात काय करील? याचे उत्तर आणखी जुन्या गणितात आहे. फोर्ड हॅरिस या अमेरिकी अभियंत्याने १९१३ साली एका कारखानदारीच्या मासिकात लेख लिहिला. 'एका वेळी किती भाग बनवावेत', अशा अर्थाचे त्याचे साधे नाव होते. मशीनवर एक भाग काढून दुसरा घ्यायचा तर हत्यारे बदलावी लागतात, मापे जुळवावी लागतात. हे सेटिंग. त्याचा त्रास टाळायला मोठा लॉट काढावा असे वाटते. पण लॉट मोठा तर माल जास्त दिवस पडून, आणि त्याच्यावर व्याज, जागा आणि वसईच्या खाऱ्या हवेत गंज. दोन्हींचा मेळ कुठे बसतो?

समजा, एक भाग वर्षाला १,८०० नग लागतो. एका सेटिंगला, वेळ धरून, ४०० रुपये पडतात. एक नग वर्षभर ठेवायला व्याज, जागा, गंज मिळून १६ रुपये. वार्षिक गरजेला सेटिंगच्या खर्चाने गुणायचे, दुप्पट करायची, १६ ने भागायचे: ९०,०००. त्याचे वर्गमूळ ३००. म्हणजे एका वेळी ३०० नग, वर्षातून सहा वेळा. सेटिंगचे २,४०० आणि ठेवण्याचेही २,४००, एकूण ४,८०० रुपये. मालकाने अंदाजाने ४०० चा लॉट काढला, तर खर्च ५,००० होतो. फरक अवघा २०० रुपयांचा. पण 'एकदाच काढून टाकू' म्हणत ६०० चा काढला, तर ६,००० लागतात. यातला पहिला धडा असा, की थोडे चुकले तरी बिघडत नाही, त्यामुळे आकडे काटेकोर नाहीत म्हणून गणितच न करण्याला काही अर्थ नाही. फार चुकले तर मात्र बिघडते.

दुसरा धडा त्याहून मोलाचा आहे. सेटिंगचा खर्च ४०० वरून १०० वर आणता आला, तर त्याच सूत्राने लॉट १५० वर येतो आणि वर्षाचा खर्च ४,८०० चा २,४०० होतो. ढीगही निम्मा. सेटिंग स्वस्त कसे होते? पुढच्या कामाची हत्यारे आधीच घासून, मांडून, मापे तपासून ठेवली तर. म्हणजे लेथवरचा माणूस ज्या तासात 'रिकामा' दिसत होता, त्याच तासात हे काम होते. जपानी मोटारउद्योगाने शिगेओ शिंगो यांच्या हाताखाली नेमके यावरच वर्षानुवर्षे काम केले. रिकामा तास असा वापरला, तर तो पाटलीपर्यंत पोचतो.

आणखी एक प्रश्न रोजचा: कोणते काम आधी घ्यायचे? तीन कामे आली आहेत, सगळी आधी लेथवर आणि मग ग्राइंडिंगवर जायची. 'क'ला लेथवर ५ तास, ग्राइंडिंगवर २. 'ख'ला १ आणि ६. 'ग'ला ४ आणि ४. आली त्या क्रमाने घेतली, तर शेवटचे काम १७ व्या तासाला संपते. १९५४ साली एस. एम. जॉन्सन या अमेरिकी गणितज्ञाने यावर सोपा नियम दिला. सर्वांत लहान आकडा शोधा. तो पहिल्या मशीनचा असेल तर ते काम सर्वांत आधी, दुसऱ्या मशीनचा असेल तर सर्वांत शेवटी. मग उरलेल्यांत पुन्हा तसेच. त्याप्रमाणे क्रम येतो ख, ग, क. रविवारच्या चहाबरोबर कागदावर मांडून पाहा: सगळे काम १३ तासांत उरकते. नवे मशीन नाही, नवे कर्ज नाही, ओव्हरटाइम नाही; चार तास वाचले ते नुसत्या क्रमामुळे.

पण इथेच पुस्तकाची हद्दही दिसते. 'क' हा सर्वांत आधी आलेला ग्राहक होता. आल्या क्रमाने त्याचे काम ७ व्या तासाला झाले असते, आता १३ व्या तासाला होईल. कदाचित त्याचा टेम्पो दारात उभा असेल. कदाचित तो एकटाच वेळेवर पैसे देणारा असेल. गणिताने गाळ्याचे चार तास वाचवले आणि 'क'चे सहा तास घेतले. हे बरोबर की चूक, ते जॉन्सनचा नियम सांगत नाही. ते मालकाने ठरवायचे असते. पण आपण कुणाचा वेळ कुणाला देत आहोत, एवढे तरी आकडे मांडल्यावर लख्ख दिसते. न मांडता घेतलेल्या निर्णयातही कुणीतरी थांबतच असतो. फक्त तो कोण, हे जो मोठ्याने ओरडतो त्याच्यावरून ठरते.

पुस्तकातल्या प्रश्नात मागणी वर्षभर सारखी असते. गोखिवऱ्यात जुलै असतो. जुलै २०१८ मध्ये वसई-विरार पाण्याखाली गेले, लोकल थांबल्या. अशा आठवड्यात कुठले चक्र आणि कुठला लॉट? म्हणून पावसाळ्यापुरता थोडा जादा माल ठेवणे हे शहाणपण आहे. मात्र तो ठरवून, मोजून ठेवलेला असावा, आणि जमिनीपासून चांगला वर.

पुस्तकात आणखी एक गोष्ट नसते. तीन महिन्यांच्या चक्रातला मोठा भाग गाळ्याच्या बाहेर असतो. माल गेला, बिल गेले, पैसे येत नाहीत. २००६ च्या कायद्याने लहान उद्योगांचे पैसे, करारात मुदत कितीही लिहिली तरी, जास्तीत जास्त ४५ दिवसांत देणे बंधनकारक केले. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. पण वर्षभर काम देणाऱ्या मोठ्या कंपनीविरुद्ध तक्रार करायला दोन लेथचा मालक सहसा धजत नाही. मोठ्याने आपले गोदाम रिकामे ठेवायचे आणि थांबण्याचा भार खालच्यावर टाकायचा, याला काही जण कार्यक्षमता म्हणतात. थांबणे नाहीसे झालेले नसते. ते गोखिवऱ्याच्या गाळ्यात, आणि तिथून कुणाच्या तरी कपाटात सरकलेले असते. गाळ्यातला ढीग कमी करणे मालकाच्या हाती आहे. बिलाचे दिवस कमी करणे त्याच्या एकट्याच्या हाती नाही. तिथे गाळेवाल्यांनी एकत्र येऊन बोलायला हवे, आणि बोलायला जाताना हातात आकडे असायला हवेत.

हे आकडे कोण गोळा करील? या विषयाच्या परीक्षेला बसणारी मुले. पुस्तकातला प्रश्न आकडे हातात देतो, म्हणून तो सोपा असतो. गाळ्यात ते शोधावे लागतात. सेटिंगला खरोखर किती मिनिटे लागतात? कुठल्या मशीनपुढे किती नग पडले आहेत? आठवड्याला किती चलाने फाटली? दोनशे पानी वही, एक पेन्सिल आणि भिंतीवरचे घड्याळ एवढ्यावर चार आठवड्यांत हे जमते. महाविद्यालयांनी काल्पनिक 'एक्सवायझेड कंपनी'ऐवजी रुळापलीकडचा एक गाळा मुलांना नेमून द्यावा. मालकाला फुकटचा हिशेबनीस मिळेल आणि मुलाला जन्मभर पुरणारा विषय. नोकरीच्या मुलाखतीत सूत्र म्हणून दाखवण्यापेक्षा 'मी एका गाळ्यातला ढीग निम्मा केला' हे वाक्य केव्हाही वजनदार ठरेल.

आणि ज्या घरातला गाळा आहे, त्या घराने वहीत एक आकडा दर महिन्याला लिहावा: अडकलेला एकूण पैसा भागिले महिन्याची विक्री. उत्तर तीनच्या आसपास असेल, तर बँकेने दिलेल्या पैशात धंदा बसतो आहे. साडेतीन, चार असे चढू लागले, तर लोखंड कुठेतरी पडून राहते आहे, किंवा बिल कुठेतरी अडले आहे. हा आकडा गृहिणीलाही दाखवावा. तिची पाटली तराजूत जाण्याच्या दोन-तीन महिने आधीच तो चढू लागलेला असतो.